वेशीवरचे राखणदार : आपल्याच अंगातील जंतुरोधक द्रव्ये

“डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काय घेऊ?” हा प्रश्न दवाखान्यात रोज एकदा तरी कानी पडतो. विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात, किंवा त्यांना आधार देत घेऊन आलेली लेक, सून किंवा मुलगा असतो. अनेकदा त्यांच्या पिशवीत जाहिरात पाहून आणलेली एखादी बाटली आधीच असते आणि तिच्यावर माझी मोहोर उमटावी एवढीच अपेक्षा असते. या प्रश्नाचे खरे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून या लेखात ते सविस्तर मांडत आहे.

आपण प्रथम आपल्या तोंडाचाच विचार करू. तोंडात कोट्यवधी जिवाणू कायम वस्तीला असतात. जेवताना कधी जीभ चावली जाते, कधी गालाचे आतले कातडे सोलवटते, दात काढल्यावर तर हिरडीत चांगला खड्डा पडतो. शल्यविशारद ज्या जागेला कधीही निर्जंतुक म्हणणार नाही, अशा जागी ही जखम उघडी असते. तरीही बहुतेक वेळा ती पू न होता चार-आठ दिवसांत भरून येते. तोंडाला होणारा भरपूर रक्तपुरवठा हे याचे एक कारण आहे. दुसरे कारण लाळेत आणि तोंडाच्या अस्तरात आहे. तेथे शरीर स्वतःची जंतुरोधक द्रव्ये तयार करते आणि ती अहोरात्र कामावर असतात.

प्रतिकारशक्ती म्हटले की आपल्याला पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे आठवतात. ते आपले सैन्य आहे आणि त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु नवा शत्रू ओळखून त्याच्याविरुद्ध खास प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर शरीराच्या वेशीवर, म्हणजे त्वचा, डोळे, तोंड, श्वासमार्ग, आतडे आणि मूत्रमार्ग येथे, पहारा कोण देतो? हा पहारा देणाऱ्यांत जंतुरोधक पेप्टाइडांचे स्थान फार वरचे आहे. आपण जी प्रथिने खातो आणि ज्यांनी आपले शरीर बनते, त्यांचे घटक म्हणजे अमिनो आम्ले. अशी थोडीच, साधारणपणे दहा ते पन्नास, अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफली की जी लहानशी साखळी तयार होते, तिला पेप्टाइड म्हणतात.

शोधाची वाट : अश्रू, पतंग आणि बेडूक

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग सर्वांना ठाऊक असतात. तो शोध १९२८ सालचा. त्याच्या सहा वर्षे आधी, १९२२ साली, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात काम करीत असताना त्यांनी आणखी एक महत्त्वाचा शोध जगापुढे ठेवला होता. सर्दी झालेल्या नाकातील स्राव जिवाणूंच्या थरावर ठेवला असता त्याच्या आसपासचे जिवाणू विरघळून जातात, असे त्यांना दिसले. तोच गुण अश्रूंत आणि लाळेतही आढळला. प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून डोळ्यांत लिंबाचा अंश टाकून ते मिळवले जात. या द्रव्याला त्यांनी लायसोझाइम हे नाव दिले. कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या भागातही ते विपुल असते. लायसोझाइम हे पेप्टाइडांपेक्षा मोठे प्रथिन आहे, पण वेशीवरच्या पहाऱ्यात ते त्यांचेच सोबती आहे.

पुढची महत्त्वाची पायरी स्वीडनमध्ये चढली गेली. हान्स बोमन आणि त्यांचे सहकारी सेक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाचा अभ्यास करीत होते. कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, मग ते जिवाणूंपासून वाचतात कसे, हा त्यांचा प्रश्न होता. १९८१ साली त्यांनी या पतंगाच्या शरीरातील दोन जंतुनाशक पेप्टाइडांची रचना प्रसिद्ध केली आणि त्यांना सेक्रोपिन असे नाव दिले. १९८५ साली अमेरिकेतील रॉबर्ट लेहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींतील अशाच पेप्टाइडांचे वर्णन केले. ती आज डिफेन्सिन म्हणून ओळखली जातात.

बेडकाची हकीकत याहून बोलकी आहे. अमेरिकेतील डॉ. मायकेल झासलॉफ आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकांवर संशोधन करीत होते. शस्त्रक्रिया करून टाके घातलेले बेडूक पुन्हा टाकीतल्या पाण्यात सोडले जात. ते पाणी काही निर्जंतुक नव्हते, तरीही बेडकांच्या जखमा चिघळत नसत. ही गोष्ट झासलॉफ यांच्या मनात घर करून बसली. शोध घेता बेडकाच्या त्वचेतच जंतुनाशक पेप्टाइडे सापडली. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली आणि हिब्रू भाषेतील ढाल या अर्थाच्या शब्दावरून त्यांना मॅगेनिन हे नाव मिळाले. झाडे, कीटक, बेडूक, गाय, माणूस अशा सर्वांकडे या प्रकारची शस्त्रे आहेत, हे पुढील काळात स्पष्ट झाले. प्रतिपिंडांच्याही आधीपासून सजीवांनी जपलेली ही रक्षणव्यवस्था आहे.

जंतू मरतो, आपली पेशी का मरत नाही?

कोणत्याही जंतुनाशकाची खरी कसोटी येथेच लागते. जंतू मारणारे पदार्थ पुष्कळ आहेत, पण ते आपल्या पेशींनाही मारतात. पेप्टाइडांनी ही अडचण मोठ्या युक्तीने सोडवली आहे.

केसांतून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हा खेळ आपण लहानपणी खेळला असाल. विद्युत प्रभाराचे असेच आकर्षण येथेही काम करते. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण प्रभार जास्त असतो. यांतील बहुतेक पेप्टाइडांवर धन प्रभार असतो. त्यामुळे ती जिवाणूकडे ओढली जातात आणि त्याच्या आवरणाला चिकटतात. आपल्या पेशींचा बाह्य थर प्रभाराच्या दृष्टीने जवळपास उदासीन असतो आणि त्यात कोलेस्टेरॉलही असते. म्हणून ही पेप्टाइडे आपल्या पेशींकडे फारशी वळत नाहीत. ज्या कोलेस्टेरॉलचे नाव काढताच आपण दचकतो, ते पेशीच्या आवरणात अशी उपयोगाची भूमिकाही बजावते.

जिवाणूला चिकटलेली पेप्टाइडे पुरेशी जमली की त्याच्या आवरणात शिरतात आणि त्याला भोके पाडतात. दुधाच्या पिशवीला एकाच वेळी दहा-वीस टाचण्या टोचाव्यात, तसे हे होते. आतले क्षार आणि द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जिवाणू मरतो. काही पेप्टाइडे आत शिरून त्याच्या अंतर्गत कामकाजातही बिघाड करतात. हे सारे मिनिटांच्या हिशेबात घडते. जिवाणूंनाही यावर काही तोड काढता येते, उदाहरणार्थ आवरणावरील ऋण प्रभार कमी करणे. परंतु संपूर्ण आवरणाची घडण बदलणे त्यांना सोपे जात नाही. त्यामुळे इतक्या प्रदीर्घ काळानंतरही ही शस्त्रे बोथट झालेली नाहीत.

यांचे काम मारण्यापुरते मर्यादित नाही. माणसात एलएल-३७ नावाचे एक पेप्टाइड आहे. त्यात ३७ अमिनो आम्ले असतात, म्हणून हे नाव. जंतू मारण्याबरोबरच ते पांढऱ्या पेशींना जखमेच्या जागी बोलावते आणि जखम भरून येण्यास हातभार लावते.

कोणत्या वेशीवर कोण?

डोळ्यांत अश्रूंमधील लायसोझाइम आणि त्याच्या जोडीला डिफेन्सिन असतात. लाळेत हिस्टॅटिन नावाची पेप्टाइडे असतात. तोंडात पांढरा थर आणणाऱ्या कॅन्डिडा या बुरशीला ती आवर घालतात. लहान आतड्याच्या अस्तरातील पॅनेथ पेशी डिफेन्सिन सोडतात. मूत्रमार्गाचे अस्तरही स्वतःची पेप्टाइडे स्रवते आणि लघवीचा प्रवाह उरलेले जंतू धुऊन नेतो.

त्वचेचा बंदोबस्त आणखी कडक आहे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी २००१ साली घामात डर्मसिडिन हे पेप्टाइड असल्याचे दाखवले. घामाबरोबर ते त्वचेवर पसरते आणि खारट, आम्लधर्मी वातावरणातही काम करते. जर्मनीतच कील येथे २००५ साली झालेल्या संशोधनात निरोगी माणसाच्या बोटांवर जिवाणू ठेवून पाहिले गेले. आतड्यातून येणारे ई. कोलाय जिवाणू बोटावर झपाट्याने मेले आणि त्यामागे सोरियासिन हे त्वचेतील प्रथिन असल्याचे आढळले. स्टॅफिलोकोकस हा पू करणारा जिवाणू मात्र तग धरून राहिला. म्हणून या शोधाचा अर्थ हात धुण्याची गरज नाही असा कोणी काढू नये.

वय वाढते तेव्हा काय बदलते?

उतारवयात संसर्ग वारंवार का होतात, याचा विचार करताना आपण सैन्याकडे पाहतो आणि वेशीकडे दुर्लक्ष करतो. प्रत्यक्षात बदल वेशीवरही घडत असतात. त्वचा पातळ आणि कोरडी होते, घाम कमी येतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तिचा सामू साधारण साडेचार ते साडेपाच असतो. वयानुसार हे आम्लत्व घटते. रक्तदाब, नैराश्य, सर्दी-खाज, वारंवार लघवी अशा तक्रारींवरील काही औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळ आटली की तिच्यासोबतचे राखणदारही कमी होतात. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटते आणि मूत्रमार्ग व योनीमार्गाचे अस्तर नाजूक होते. मधुमेह असेल तर या सर्वांत भर पडते. मधुमेही व्यक्तींमध्ये मूत्राशयाच्या अस्तरातील सोरियासिन घटते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०२२ साली दाखवले.

यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. राखणदारांची संख्या वाढवण्याचे औषध आज आपल्याजवळ नाही, पण ज्या भिंतीवर ते उभे असतात ती भिंत जपणे आपल्या हाती आहे. घरात ज्येष्ठांची सेवा करणाऱ्यांनी पुढील बाबी आवर्जून लक्षात घ्याव्यात.

तोंड : दिवसातून दोनदा दात घासावेत. दात नसले तरी हिरड्या, जीभ आणि गालांचा आतला भाग मऊ ओल्या कापडाने पुसावा. कवळी रोज घासून स्वच्छ करावी आणि रात्री काढून पाण्यात ठेवावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास तरी बसते ठेवावे, म्हणजे अन्न व लाळ श्वासमार्गात जाण्याचा धोका कमी होतो. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित मुखस्वच्छता लाभलेल्या वृद्धांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर इतरांपैकी १९ टक्क्यांना. पुढील सर्वच अभ्यासांत इतका स्पष्ट फरक दिसला नाही. तरीही स्वच्छ तोंडामुळे खाणे सुखाचे होते, हा लाभ कोणीही नाकारणार नाही. तोंड सतत कोरडे पडत असेल तर सर्व गोळ्या घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. एखादी बदलता किंवा कमी करता येते का, हे ते पाहू शकतात. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. अल्कोहोलयुक्त चुळा भरण्याच्या औषधांनी कोरडेपणा वाढतो.

त्वचा : प्रेमापोटी केलेल्या अतिस्वच्छतेनेही त्वचेचे नुकसान होते. अंथरुणावरच्या आजींना सून दिवसातून दोनदा साबणाने खसखसून पुसते, पाण्यात जंतुनाशक द्रवाचे झाकणभर थेंब टाकते, आणि तरीही पाठ लाल का होते हे तिला कळत नाही, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. साध्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो. त्याने त्वचेचे आम्लत्व आणि स्निग्धता दोन्ही जातात. कोमट पाणी पुरेसे आहे. सौम्य साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरताच वापरावा. अंग टिपून कोरडे करावे, घासू नये. थोडी ओल असतानाच खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली किंवा साधे सुगंधरहित मलम हलक्या हाताने लावावे. मधुमेहींच्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्यांत मात्र तेल लावू नये. तेथे ओल साचून बुरशी धरते. ओले झालेले डायपर लगेच बदलावे. दर दोन तासांनी कूस बदलावी आणि माकडहाड, नितंब, टाचा रोज उजेडात पाहाव्यात. एखादी जागा लाल झाली असेल तर ती चोळू नये. तिच्यावरचा भार काढावा आणि लाली जात नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. भिंतच पडली तर राखणदार कोठे उभे राहणार?

मूत्रमार्ग : तहान लागण्याची वाट न पाहता दिवसभर थोडे थोडे पाणी द्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाणच पाळावे. लघवी तुंबवून ठेवू नये. रात्री उठावे लागेल म्हणून संध्याकाळनंतर पाणी पूर्ण बंद करणाऱ्या पुष्कळ आजी असतात. त्यांना शौचालयापर्यंत दिवा, पकडायला दांडी आणि सोबत मिळाली तर ही भीती कमी होते. पाळी गेल्यानंतर ज्यांना वारंवार मूत्रसंसर्ग होतो, त्यांच्यासाठी योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम उपयुक्त ठरते. या उपचाराने मूत्राशयाच्या अस्तरातील जंतुरोधक पेप्टाइडे वाढतात आणि अस्तर बळकट होते, असे स्वीडनमध्ये २०१३ साली दिसून आले. संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगावे.

आतडे : आतड्यातील उपकारक जिवाणू चोथ्यापासून ब्युटिरेट नावाचे द्रव्य बनवतात. प्रयोगशाळेत या द्रव्याने मोठ्या आतड्याच्या पेशींमधील एलएल-३७ वाढलेले आढळले आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, उसळी, पालेभाज्या हे आपले रोजचे अन्न या जिवाणूंचेही अन्न आहे. दात नसतील तर भाकरी आमटीत कुस्करून, उसळ मऊ शिजवून, नाचणीची आंबील करून द्यावी. पेप्टाइडे प्रथिनांच्याच घटकांपासून बनतात, म्हणून वरण, दूध, दही, अंडी यांनाही ताटात जागा असावी.

मधुमेह : रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे ही वेशीची मोठी डागडुजी आहे. रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे.

उन्हाचे देणे आणि त्याची मर्यादा

क्षयावर औषधे नव्हती त्या काळी रुग्णांना मोकळी हवा, विश्रांती आणि ऊन यांसाठी आरोग्यधामात ठेवत. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव जुन्या पिढीला आठवत असेल. उन्हाचा जंतूंशी काय संबंध असावा, याचा एक धागा २००६ साली हाती आला. क्षयाच्या जंतूशी गाठ पडल्यावर पांढऱ्या पेशी ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने एलएल-३७ बनवतात, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हे काम मंदावते.

हे वाचून कोणी लगेच औषधाच्या दुकानाकडे निघू नये. प्रयोगशाळेत जे दिसते ते माणसात तसेच घडते असे नाही. मंगोलियात सुमारे नऊ हजार शाळकरी मुलांना तीन वर्षे ड जीवनसत्त्व देऊन पाहिले गेले. क्षयाचा संसर्ग त्याने टळला नाही, असे २०२० साली जाहीर झाले. तात्पर्य असे की ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढावी. हाडांसाठी आणि स्नायूंसाठी तर ते आवश्यकच आहे. कमतरता नसताना अधिक घेऊन अधिक संरक्षण मिळत नाही. आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपल्यावरही वर्षानुवर्षे घेत राहणारे, किंवा रोज एक घेणारे रुग्ण आढळतात. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा येतो आणि मूत्रपिंडाला इजा होते.

उन्हाबद्दल एक गैरसमजही दूर करायला हवा. सकाळी सातचे कोवळे ऊन सुखद असते, फिरायला उत्तम असते, पण त्यात ड जीवनसत्त्व बनवणारे किरण अत्यल्प असतात. ते किरण सूर्य वर आल्यावर, साधारण अकरा ते दोन या वेळेत, पुरेसे मिळतात. हिवाळ्यात या वेळी हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे. उन्हाळ्यात ज्येष्ठांनी हा प्रयोग करू नये. उष्माघाताचा धोका त्याहून मोठा आहे.

मग यांचे औषध का नाही?

हा प्रश्न आपल्या मनात आला असेलच. तसा प्रयत्न झाला आहे. बेडकाच्या मॅगेनिनवरून पेक्सिगॅनन नावाचे मलम मधुमेहींच्या पायांवरील संसर्गित जखमांसाठी तयार करण्यात आले. १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याला मान्यता नाकारली. प्रचलित प्रतिजैविकांपेक्षा ते सरस असल्याचे सिद्ध झाले नव्हते. नंतरच्या चाचण्यांतही त्याला यश आले नाही. पोटातून दिले तर ही पेप्टाइडे अन्नाप्रमाणे पचून जातात. रक्तातून अधिक मात्रेत दिली तर ती तांबड्या पेशींना आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. त्या त्या जागी, हवी तेवढी आणि हवी तेव्हाच ती सोडण्याचे शरीराचे कसब अद्याप कोणत्याही कारखान्याला साधलेले नाही.

शिवाय अधिक म्हणजे चांगले असेही नाही. सोरियासिसच्या चट्ट्यांत ही पेप्टाइडे फार वाढलेली असतात. त्यामुळे ते चट्टे सहसा पिकत नाहीत, पण त्याच पेप्टाइडांचा दाह धगधगता ठेवण्यातही वाटा असतो. याउलट इसबाच्या त्वचेत ती अपुरी पडतात आणि ती त्वचा वारंवार पिकते. शरीराला येथे तोल हवा असतो. म्हणूनच प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याचे’ आश्वासन देणाऱ्या बाटलीकडे मी साशंकतेने पाहते आणि आपणही पाहावे.

जिवाणूंनी बनवलेली काही पेप्टाइडे मात्र औषध म्हणून वापरात आहेत. कोलिस्टिन हे त्यांतलेच. अतिदक्षता विभागात इतर प्रतिजैविके निष्फळ ठरली की डॉक्टर त्याकडे वळतात. अशी शेवटची शस्त्रे बोथट होऊ नयेत म्हणून भारत सरकारने २०१९ साली कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. आपल्या घरातही हाच विवेक हवा. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. साध्या सर्दीवर प्रतिजैविक घेतल्याने विषाणू मरत नाही, मात्र आतड्यातील उपकारक जिवाणू मरतात आणि उतारवयात त्यातून तीव्र जुलाबाचा आजार उद्भवू शकतो. लघवीच्या तपासणीत जंतू दिसले, पण जळजळ, ताप, पोटदुखी असे काहीच नाही, अशा ज्येष्ठांना बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरज नसते. डॉक्टरांनी औषध दिले नाही तर त्यांनी दुर्लक्ष केले असे समजू नये. मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असेल तर गोष्ट वेगळी, त्याचा निर्णय शल्यविशारद घेतात.

वेस ओलांडली गेली, हे कसे ओळखावे?

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. राखणदार कितीही निष्ठावान असले तरी काही वेळा शत्रू आत शिरतोच. तेव्हा ‘शरीर आपोआप बरे होईल’ म्हणून थांबणे जिवावर बेतते. ज्येष्ठांमध्ये गंभीर संसर्ग असूनही ताप नसू शकतो. त्याऐवजी पुढील खुणा दिसतात : कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागते किंवा सारखी झोपेत राहते. जेवण अचानक सुटते. कारण नसताना तोल जाऊन पडणे होते. लघवी फार कमी होते. हातपाय गार पडतात. छाती-पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. शांत पडून असताना ते २२ किंवा त्याहून अधिक असतील तर ती धोक्याची सूचना मानावी. थंडी वाजून ताप, मधुमेही पायाची जखम काळी पडणे किंवा तिला दुर्गंधी येणे, शय्याव्रणाभोवती लाली पसरणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशा वेळी योग्य प्रतिजैविक जितक्या लवकर मिळेल तितका जीव वाचण्याचा संभव वाढतो.

वेशीवरच्या राखणीला लसींचीही जोड द्यावी. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. लस आतल्या सैन्याला शत्रूची ओळख आधीच करून देते.

तेव्हा प्रतिकारशक्तीसाठी काय घेऊ, असे कोणी विचारले की मी आता उलट चार प्रश्न विचारते. आजोबांचे तोंड आज कोणी पाहिले का? पाठ आणि टाचा पाहिल्या का? त्यांनी दिवसभरात पाणी किती प्यायले? साखर शेवटची कधी तपासली? या चारही प्रश्नांना जेथे उत्तर मिळते, त्या घरात बाटलीची गरज सहसा पडत नाही. आपल्या घरी हे प्रश्न आज रात्रीच विचारून पाहावेत. पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही.